मराठी विकिपीडियावर इंटरफेस अ‍ॅडमिनचा हक्क हवाय? अर्ज असा करायचा

इंटरफेस अ‍ॅडमिन म्हणजे अख्ख्या विकीवर चालणारा जावास्क्रिप्ट-सीएसएस कोड बदलू शकणारा सदस्य. आधी बघा की हा हक्क खरंच लागतोय का. स्वतःपुरती स्क्रिप्ट चालवायची असेल तर आपल्या सदस्यपानाखाली कॉमन डॉट जेएस हे उपपान बनवा, झालं काम, कुणाला विचारायला नको. पण मीडियाविकी नामविश्वातलं (म्हणजे साइटच्या स्वतःच्या पानांच्या गटातलं) कॉमन डॉट जेएस प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतं आणि तिथे सेव्ह दाबलं की मधे तपासणारं कुणी नाही, काही मिनिटांत सगळीकडे लाइव्ह. २०१८ पर्यंत कुठलाही प्रचालक (अ‍ॅडमिन) ते बदलू शकायचा, एकाचा पासवर्ड चोरीला गेला तरी खेळ खल्लास, म्हणून त्या वर्षी हा वेगळा गट काढला.

कागदपत्रं म्हणाल तर आधार-पॅन काही नाही. टू-फॅक्टर लॉगिन मात्र सक्तीचं, त्याचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा, मोबाइल हरवला की तेच कामी येतात. बाकी पात्रता समाज ठरवतो, आधीपासून प्रचालक असाल तर सोपं जातं, आणि जावास्क्रिप्ट वाचता यायलाच हवी, नुसती कॉपी-पेस्ट नको.

चावडीवर, म्हणजे विकीच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, प्रस्ताव टाका, नेमकं काय दुरुस्त करायचंय आणि किती दिवसांसाठी ते लिहा, लोकांना बोलायला निदान आठवडाभर द्या. मग आपल्या विकीवर हक्क देणारा स्वीकृती अधिकारी असेल तर तो देतो, नसेल तर मेटा-विकीवर (सगळ्या विकींच्या समन्वयाची विकी) स्टुअर्डांच्या, म्हणजे सगळ्या विकींवर हक्क देऊ शकणाऱ्या स्वयंसेवकांच्या, विनंतीपानावर त्या चर्चेची लिंक देऊन अर्ज करायचा. छोट्या विकीला हक्क बहुतेक मुदतीचाच मिळतो, आणि माझ्या मते तेच बरं.

हक्क नकोय, फक्त बदल हवाय? मग मीडियाविकीतल्या त्या कॉमन डॉट जेएसच्या चर्चापानावर पूर्ण कोड द्या, स्वतःच्या कॉमन डॉट जेएसमध्ये चालवून बघितलाय हेही लिहा. तपासणाऱ्याने पहिल्यांदा बघायचं ते लोड होणाऱ्या बाहेरच्या फाइली. दुसऱ्या सदस्याच्या पानावरून स्क्रिप्ट ओढली असेल तर उद्या तो तिथे काहीही बदलेल आणि ते आपल्या वाचकांवर चालेल, त्यापेक्षा तो कोड आपल्याच विकीवर गॅजेट (सदस्याला चालू-बंद करता येणारी स्क्रिप्ट) म्हणून ठेवा.

फँडम या खाजगी कंपनीच्या विकी-साइटवर कंपनीचा स्टाफ पास करेपर्यंत स्क्रिप्ट लाइव्हच होत नाही. इथे तसं नाही, आणि २०१४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने मीडिया व्ह्यूअरच्या (चित्रं मोठी करून दाखवणारी सोय) वादात जर्मन विकिपीडियाचं हेच पान प्रचालकांनाही बदलता येणार नाही असं कुलूपबंद केलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, शेवटी २०१५ मध्ये सुपरप्रोटेक्ट नावाचं ते कुलूप काढावं लागलं.

मुदत संपायच्या आधी काम उरलं असेल तर पुन्हा चावडीवर या, हक्क आपोआप वाढत नाही.