छोट्या विमानांचे इंधन संपते तेव्हा: काट्याविषयीच्या गैरसमजाची पार्श्वभूमी

इंधन संपून पडलेल्या छोट्या विमानाला बहुतेक वेळा आग लागत नाही. टाक्या शाबूत पण कोरड्या सापडतात आणि आजूबाजूचे गवत इंधनाने करपलेले नसते. तपासाला कारण लवकर मिळते. ते वैमानिकाला आधी का कळले नाही, हे शोधणे मात्र अवघड असते.

1930च्या दशकातल्या काही हलक्या विमानांत टाकीतल्या इंधनावर तरंगणाऱ्या बुचावर तार बसवलेली असे. झाकणाबाहेर तार किती वर आली आहे, ते वैमानिकाने समोरच्या काचेतून पाहायचे. त्याआधी 1926 मध्ये अमेरिकेतल्या एका टपाल-वैमानिकाच्या विमानाची मोठी टाकी दुरुस्तीसाठी काढून लहान बसवली गेली आणि त्याला ते कोणी सांगितलेच नाही. रात्री धुक्यात इंधन संपले आणि त्याला पॅराशूटने उडी मारावी लागली. पुढच्याच वर्षी त्याने एकट्याने अटलांटिक ओलांडला.

नंतर इंधन दाखवणारे काटे आले, आणि त्यांच्याबरोबर एक हट्टी गैरसमजही. विमानाच्या रचनेला मान्यता देण्याच्या अमेरिकी नियमात (प्रमाणन नियमात) अनेक दशके एक वाक्य होते: टाकीत फक्त वापरता न येणारे इंधन उरले असेल, तेव्हा समतल उड्डाणात काट्याने शून्य दाखवले पाहिजे. तळाशी राहिलेले ते थोडे इंधन इंजिनापर्यंत खात्रीने पोहोचत नाही, म्हणून शून्य कुठे धरायचे एवढेच हे वाक्य ठरवते. पण उड्डाण शाळांतून त्याचा अर्थ पसरला तो असा, की 'काटा फक्त रिकाम्या टाकीलाच बरोबर असला तरी कायद्याला चालते'. हे चूक आहे. प्रत्येक टाकीतले इंधन दाखवणारा काटा चालू स्थितीत हवा, असे उड्डाणाचे नियम वेगळे सांगतातच. पट्टी बुडवून मोजण्याची शिकवण योग्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'काट्यावर विश्वास ठेवू नका' हे इतके मुरले, की नादुरुस्त काटा कोणी दुरुस्त करून घेईना, आणि खरेच खाली आलेला काटाही 'तो तसाच दाखवतो' म्हणून सोडून दिला जाऊ लागला. माझ्या मते या गैरसमजाने काट्याच्या बिघाडाइतकेच नुकसान केले आहे. 2017 मध्ये लागू झालेल्या फेररचनेत तपशिलाचे असे नियम मूळ मजकुरातून काढून उद्योगाच्या मानकांवर सोपवले गेले. समज तसाच राहिला.

2011 ते 2015 या काळात अमेरिकेत इंधन-व्यवस्थापनातल्या चुकांमुळे वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त अपघात झाले. त्यांपैकी 56 टक्क्यांत इंधन खरोखर संपले होते. 35 टक्क्यांत ते विमानात होते, पण चुकीची टाकी निवडल्यासारख्या कारणांनी इंजिनाला मिळाले नाही. हे सगळे नवशिके होते असेही नाही. जवळजवळ निम्म्या वैमानिकांकडे व्यावसायिक किंवा त्यावरचा परवाना होता.

आता इंजिनाकडे जाणारा प्रवाह मोजून किती इंधन उरले ते सांगणारी उपकरणे सर्रास दिसतात. ती टाकीत डोकावत नाहीत, वजाबाकी करतात. सुरुवातीचा आकडा वैमानिकच भरतो. अर्ध्या टाकीवर 'पूर्ण' दाबले, तर इंजिन बंद पडल्यावरही पडद्यावर इंधन शिल्लक दिसते.