पेटीतला अरोरा हिरवा का नसतो?

अरोरा म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात झळकणारा रंगीत, बहुधा हिरवा प्रकाश. त्याची छोटी नक्कल हवा काढलेल्या पेटीत करता येते. पंप सुरू केला की या पेटीत, म्हणजे काचेच्या घंटेत, आधी काहीच दिसत नाही. दाब उतरत उतरत 5 पास्कलवर, म्हणजे आपल्या हवेच्या वीस हजारांश भागावर येतो. मग हजारभर व्होल्ट दिले की मधल्या गोळ्याच्या दोन्ही टोकांशी जांभळट कडी उजळतात. गोळा ॲल्युमिनियमचा, पोकळ. पोटात निओडिमियमचा चुंबक. समोरच्या ऋणाग्राकडून (विजेच्या ऋण टोकाकडून) आलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषा धरून ध्रुवांकडे वळतात आणि वाटेतल्या हवेला चमकवतात.

ही युक्ती नॉर्वेच्या क्रिस्टियन बिर्केलँड यांची. चुंबकित गोळ्याला त्यांनी ‘टेरेला’, म्हणजे छोटी पृथ्वी, म्हटलं. हे नाव विल्यम गिल्बर्ट यांनी 1600 साली रूढ केलेलं. हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची पद्धत काढून बिर्केलँड यांनी जो पैसा मिळवला, तो अशा प्रयोगांत ओतला. त्यांची सर्वांत मोठी पेटी सुमारे 1000 लिटरची होती. अंतराळातून वीज बलरेषांवरून खाली येते, हे त्यांचं म्हणणं मात्र त्यांच्या हयातीत अनेकांनी मानलं नाही. 1917 मध्ये ते गेले. उपग्रहावरच्या चुंबकमापकाने त्या प्रवाहांची खूण टिपली ती 1960च्या दशकात.

पेटी बांधणाऱ्या विद्यार्थ्याला आकार मिळतो, हिरवा रंग मिळत नाही. त्याला वाटतं, आपलंच काही चुकलं. चुकलेलं नसतं. आकाशातला हिरवा प्रकाश (557.7 नॅनोमीटर) ऑक्सिजनच्या सुट्या अणूचा. ऊर्जा मिळाल्यावर तो सरासरी पाऊण सेकंद थांबतो, मग प्रकाश देतो. तांबड्यासाठी तर जवळजवळ दोन मिनिटं! शंभर किलोमीटरवरच्या विरळ हवेत सुटे अणू भरपूर आणि त्यांना थांबायला सवडही असते. पेटीत सुटे अणू मुळात थोडे. शिवाय 5 पास्कलला प्रत्येक कण सेकंदाला लाखो टकरा खातो, भिंतही हाताच्या अंतरावर. प्रकाश देण्याआधीच त्याची ऊर्जा हिरावली जाते. नायट्रोजनला ही अडचण नाही. तो मायक्रोसेकंदांत मोकळा होतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तीस सेंटीमीटर व्यासाच्या खिडकीवर बाहेरची हवा सातशे किलोंच्या वजनाएवढी रेटत असते. काचेला बारीकसा चरा दिसला तरी ती वापरू नका. विजेच्या जोडणीला तर जाणत्या शिक्षकाशिवाय हात लावायचाच नाही.

खिडकीला वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण, लावा. 391.4 आणि 427.8 नॅनोमीटरवर नायट्रोजन आयनांच्या (विद्युतभारित रेणूंच्या) प्रकाशाच्या पट्ट्या उमटतात. नॉर्वेच्या आकाशात अरोराच्या जांभळ्या किनारीला रंग देतात त्याच या पट्ट्या.