पडद्यावरची गोळी आणि होम मैदानावरचा बार

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते, तेव्हा दोन किलोमीटरवरच्या गच्चीतून पाहणाऱ्या सोलापूरकराला आकाशातले फूल आधी दिसते आणि त्याचा बार सुमारे सहा सेकंदांनी ऐकू येतो. हाच माणूस चित्रपटगृहात बसून दूरच्या टेकडीवरील बंदुकीची ठिणगी आणि आवाज एकाच क्षणी अनुभवतो, तरी तक्रार करत नाही. नायकाच्या पिस्तुलाची एक गोळी लागून खलनायक दहा फूट मागे उडाला, की मात्र त्याला हसू येते.

ते हसू रास्त आहे. साधारण ८ ग्रॅमची पिस्तुलाची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने जात असेल, तर तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, २.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद इतकाच भरतो, आणि तो सगळा ७० किलोच्या माणसाने शोषला तरी त्याला सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर वेग मिळतो. पार्क मैदानावर ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेल्या १६० ग्रॅमच्या चेंडूचा संवेग याहून जास्त, जवळपास साडेचार असतो, आणि तो अडवणारा यष्टिरक्षक काही मागे फेकला जात नाही. शिवाय गोळीने माणूस उडत असता, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार झाडणाराही उलट दिशेला उडायला हवा होता. गोळी घातक ठरते ती ऊर्जेमुळे: चेंडूच्या सुमारे आठपट ऊर्जा ती अगदी लहानशा जागेत ओतते.

सायलेन्सरची गोष्ट अधिक फसवी आहे. हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९०९ मध्ये ज्याचे पेटंट मिळाले, ते हे उपकरण नळीतून उसळणाऱ्या तप्त वायूंना कप्प्याकप्प्यांतून पसरू देते आणि आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरवते. पण पिस्तुलाचा मूळ आवाजच १६० डेसिबलच्या घरात असल्याने उरलेला आवाजही, क्षणभराचा का होईना, यंत्रमागाच्या खडखडाटाला सहज मागे टाकतो. त्यात गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल, तर हवेत उठणारा तिचा कडाका कोणताही सायलेन्सर थांबवू शकत नाही. गंमत म्हणजे २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि सोलापूरच्या मे महिन्यातल्या ४० अंशांत तो ३५५ होतो, त्यामुळे ३५० मीटर वेगाची तीच गोळी यात्रेच्या दिवसांत कडाडेल आणि उन्हाळ्यात कडाडणार नाही. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावणे तर बहुधा व्यर्थच, कारण काडतुसांची फिरती चकरी आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतातच.

मग काही चुका खटकतात आणि काही का खटकत नाहीत? माझ्या मते प्रेक्षक विज्ञानाची परीक्षा घेत नसतो, तो स्वतःच्या अनुभवाशी ताळा जमवत असतो. मागावर आडवा धागा नेणारा धोटा न हलता कापड वाढताना दाखवले, तर विणकराचे लक्ष कथेवरून उडते, पण इतरांना त्याचा पत्ताही लागत नाही. सहा काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरमधून सातवी गोळी सुटली, तर बोटे मोजता येणाऱ्या कोणालाही ती कळते. उडणारा नायक मात्र खपून जातो, कारण ती सूट चित्रपटाने सुरुवातीलाच मागून घेतलेली असते.

ज्या चुकीचा अनुभव बहुतेकांना नाही, ती निमूटपणे मुरते. पडद्यावर आनंदाच्या भरात हवेत झाडलेली गोळी कधी खाली येताना दिसत नाही. प्रत्यक्षात सरळ वर गेलेली गोळी हवेच्या रोधामुळे बरीच मंदावून परतते, पण तिरकी सुटलेली गोळी आपला बराचसा वेग राखून किलोमीटरभर अंतरावरही पडू शकते, आणि तिथे गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला वरातीच्या ताशात तिचा बारही ऐकू आलेला नसतो.