शेवटचा अर्धा तास

डायलिसिसचा शेवटचा अर्धा तास रुग्णाला फार जड जातो. पायात गोळे येतात, बाहेर नातेवाईक घड्याळ बघत बसलेले असतात, गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते. ‘आज जरा लवकर सोडा ना,’ असं तो टेक्निशियनला विनवतो. हा अर्धा तास म्हणजे नक्की किती औषध, हे त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं.

डायलिसिसचा डोस मोजतात तो ‘केटी बाय व्ही’ या आकड्याने. के म्हणजे मिनिटाला किती मिलिलिटर रक्त युरियापासून, म्हणजे किडनीने बाहेर टाकायच्या टाकाऊ पदार्थापासून, पूर्ण साफ झालं, टी म्हणजे मिनिटं आणि व्ही म्हणजे शरीरातलं एकूण पाणी. ५८ किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण ३४ लिटर पाणी धरू. मिनिटाला २०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत ४८ लिटर साफ होतात. ४८ भागिले ३४, म्हणजे १.४. साडेतीन तासांत उठलं की तोच आकडा १.२ वर येतो, आणि तीन तासांत १.०६ वर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यासाठी दर वेळी १.४ गाठायचं आणि १.२ च्या खाली जायचं नाही, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

नुसता युरियाचा रिपोर्ट बघून का भागत नाही? कारण ज्याचं जेवण तुटलंय, अंगावरचं मांस झडलंय, त्याचाही युरिया कमीच येतो. त्याला ‘छान आहे’ म्हणून पाठवणं घातक आहे. फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाची आकडेवारी पुन्हा तपासली आणि डोस मोजायला हे गुणोत्तर पुढे आणलं.

प्रत्यक्षात डायलिसिसच्या आधी आणि नंतर रक्त घेतात. युरिया १३० वरून ४२ वर आला, तर ६८ टक्के घट झाली. किमान ६५ टक्के हवी. पण नंतरचा नमुना घेताना घाई झाली की आकडा फसवतो. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेत, नुकतंच साफ होऊन परतलेलं रक्त पुन्हा ओढलं गेलं असेल, तर नमुना आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतो. म्हणून पंपाचा वेग मिनिटाला १०० मिलिलिटरवर आणून, पंधराएक सेकंद थांबून मगच नमुना घ्यायचा. पंधरा सेकंदच, पण ते चुकले तर कमी डोस मिळणारा रुग्ण कागदावर ठणठणीत दिसतो.

डोस वाढवत नेला की आयुष्य वाढतच जातं, असंही नाही. २००२ च्या ‘हेमो’ चाचणीत आकडा सुमारे १.३ वरून १.७ वर नेऊनही मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही. वेळेचं मोल मात्र त्यामुळे कमी होत नाही. अंगात साचलेला फॉस्फरस पेशींमधून सावकाश बाहेर येतो, त्याला काढायला वेळच लागतो, आणि साठलेलं पाणी घाईने ओढलं तर बीपी कोसळतं, गोळे येतात. त्या शेवटच्या अर्ध्या तासातले गोळे पुष्कळदा यातलेच असतात, आणि वेळ कापली की पाणी आणखी घाईने ओढावं लागतं.

आपल्याकडे खर्चापायी कित्येक जण आठवड्यातून दोनदाच येतात. त्यांच्या रिपोर्टवरचा १.४ पुरेसा नसतो, कारण तो आकडा तीन फेऱ्यांच्या हिशेबाने ठरलेला आहे. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते, त्यांना स्वतःच्या किडनीचा हातभार असतो. म्हणूनच चोवीस तासांची लघवी साठवून आणा, असं डॉक्टर सांगतात. तो कॅन घरी विसरू नका.