ठसका धुळीचा की धुराचा?

हंगामात दुपारच्या वेळी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात उभं राहून पाहा. एका बाजूला कापसाच्या गाड्या खाली होतायत, दुसऱ्या बाजूला गठाणी भरायला लागलेला ट्रक इंजिन चालू ठेवूनच उभा, आणि लाइट गेली म्हणून भिंतीपलीकडे जनरेटर धडधडतोय. गठाण ढकलणाऱ्याला ठसका लागतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही नही भो, धूय शे."

धूळ म्हणजे अहिराणीतली धूय. खान्देशात तिची इतकी सवय झालीय की प्रत्येक खोकल्याचं बिल तिच्याच नावावर फाटतं. डिझेलचा धूर मात्र नामानिराळा राहतो.

कापसाची धूळ निरुपद्रवी आहे असं नाही. तिचा आजार सूतगिरण्यांमुळे जगभर माहीत झाला: बिसिनोसिस. त्याची खूण मजेशीर आहे. सुट्टी घेऊन कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत त्रास कमी होतो. इंग्रजांनी त्याला 'सोमवारचा ताप' म्हटलं, पण ज्यांची सुट्टी आठवडी बाजाराच्या दिवशी, त्यांचा सोमवार भलत्याच वारी येतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर दम कायमचा लागतो.

धुराला असा वार नाही. डोळे चुरचुरतात, डोकं धरतं, मळमळतं, आणि मोकळ्या हवेत आलं की बरं वाटतं. इथेच माणूस फसतो. डिझेलच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. जाड धूळ नाकात, घशात अडकते, शिंकेबरोबर, बेडक्याबरोबर बाहेर पडते. काजळीचा बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो, आणि अंगावर न जळालेल्या इंधनाची घातक रसायनं चिकटवून नेतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं होतं. जून २०१२ मध्ये त्यातला 'बहुधा' गेला. फुप्फुसाच्या कॅन्सरचा पुरावा पक्का ठरला, मूत्राशयाच्या कॅन्सरचा मर्यादित. या निर्णयामागचा एक अभ्यास अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या १२,३१५ कामगारांचा होता. खाणी मुद्दाम अशा निवडल्या, जिथे फुप्फुसाचा कॅन्सर करू शकणारी सिलिकाची धूळ, रेडॉन वायू, ॲस्बेस्टॉस कमी. म्हणजे दोष धुळीवर किंवा आणखी कशावर ढकलायला जागाच उरू नये. विडी-सिगारेटचा हिशेब वेगळा काढूनही, सगळ्यात जास्त धूर खाल्लेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याची जोखीम कमीत कमी धूर लागलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाली.

फरक डोळ्यांनी पाहायचा तर जनरेटरच्या खोलीत जा. खिडकीच्या कठड्यावरची धूळ फुंकर मारली की उडते. सायलेन्सरच्या वरच्या भिंतीवर बोट फिरवा: काळं, किंचित तेलकट, साबणाशिवाय न जाणारं. पण काळं दिसत नाही म्हणजे धूर नाही, असं समजू नका. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. न दिसणाऱ्या धुरातही बारीक कण असतातच. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांत ते बरेच अडवले जातात, पण आवारात येणारे ट्रक त्याहून जुनेही असतात.

तोंडाला बांधलेला रुमाल जाड धूळ थोडीफार अडवतो, काजळीपुढे त्याचा फारसा उपयोग नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नाही. त्यापेक्षा जनरेटरचा पाइप छपराच्या वर काढणं आणि भरती चालू असताना इंजिन बंद ठेवणं कामाचं.

हे एका ड्रायव्हरला सांगितलं, तर तो हसला. "बॅटरी उतरलेली आहे. बंद केली तर हीच पोरं धक्का मारायला लावावी लागतील."