सुभेदार मेजर म्हणजे 'मेजर' नव्हे

गावाकडे कुणी सुभेदार मेजर होऊन आला की 'आपला मेजर आला' म्हणतात. प्रेमापोटी ठीक आहे, पण हुद्दा तो नाही. गोंधळाचं मूळ खांद्यावर आहे: मेजरप्रमाणे सुभेदार मेजरच्या खांद्यावरही अशोकस्तंभच असतो, फक्त सोबत लाल-पिवळी-लाल पट्टी असते. तसंच नायब सुभेदाराला एक तारा, सुभेदाराला दोन. लेफ्टनंटलाही दोनच, पण पट्टी नाही. कितीही ज्येष्ठ सुभेदार मेजर असला तरी नवख्या लेफ्टनंटपेक्षा हुद्द्यानं खालीच. तोच लेफ्टनंट मात्र त्याला 'साहेब' म्हणतो, आणि त्याचा सल्ला टाळत नाही. शहाणा असेल तर.

दुसरी चूक उलट्या दिशेची, आणि जास्त खटकणारी: सुभेदाराला हवालदाराच्या रांगेत बसवणं. लान्स नायक, नायक आणि हवालदार हे विनाकमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद नसलेले हुद्दे. त्यांच्या फिती बाहीवर असतात. नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंत कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी. सियाचीनमधल्या १९८७ च्या कारवाईसाठी परमवीरचक्र मिळालेले बाणा सिंग तेव्हा नायब सुभेदार होते. १९६५ पूर्वी याच हुद्द्याला जमादार म्हणत.