बांडगूळ आणि अमरवेल: साखर कोण स्वतः बनवतं?

दोन्ही दुसऱ्याच्या जिवावर वाढतात, म्हणून एकाच माळेत ओवली जातात. पण आधी पानं बघा. आंब्या-चिकूवरच्या बांडगुळाची पानं जाड आणि हिरवीगार असतात. आपली बहुतेक साखर ते स्वतःच उन्हात तयार करतं. झाडाकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. त्याची शोषकमुळं फांदीच्या जलवाहिन्यांना जाऊन भिडतात. अमरवेलीला पानंच नाहीत, हिरवेपणा नावापुरता. पिवळ्या दोऱ्यांचा तो गुंता रसवाहिन्यांतून तयार साखरही ओढतो. ऊर्जेच्या हिशेबात बांडगूळ उत्पादक ठरतं, तर अमरवेल वनस्पती असूनही शेळीच्या पंगतीत बसते: प्राथमिक भक्षक.

बांडगूळ पानांतून भरपूर पाणी उडवतं. झाड पाणी राखायला बघतं तेव्हाही याचा उपसा चालूच. फांदीवर गाठ येते आणि गाठीपुढचा शेंडा वाळत जातो. नुसतं बांडगूळ छाटलं तर पुन्हा फुटतं, कारण शोषकमुळं लाकडात शिल्लक असतात. गाठीच्या अलीकडे, खोडाच्या बाजूला हातभर अंतरावर फांदीच कापावी आणि जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी. हे बांडगुळाची फळं पिकण्याआधी व्हायला हवं. फुलटोचा हा चिमुकला पक्षी ती फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि ते तिथंच रुजतं. (बांधावरच्या झाडावर एखादं राहिलं तर राहू द्या, हळदी-कुंकू फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात.)

अमरवेलीचं बी मात्र जमिनीत रुजतं. कोवळ्या दोऱ्याकडे साठा थोडा. काही दिवसांत आधार मिळाला नाही तर तो मरतो. मिळाला की विळखा घालतो आणि जमिनीतलं मूळ वाळून जातं. त्यामुळे मूळ शोधून उपटण्याचा खटाटोप फुकट. ओढून तोडली तर तुकडा शेजारच्या झाडावर पडून पुन्हा चिकटतो. लसूणघासात पिवळा ठिपका दिसला की फुलं येण्याआधी भोवतीच्या घासासकट कापून जाळावा. बी धरलेला घास जनावरांना घालू नये: बी शेणातूनही जिवंत बाहेर पडतं आणि शेणखताबरोबर रानात येतं. जमिनीत ते वर्षानुवर्षं टिकतं. अशा रानात ज्वारी, मका किंवा गहू घ्यावा. तृणधान्यांवर अमरवेल तग धरत नाही.

किनाऱ्यालगतच्या झुडपांवर अमरवेलीसारखीच, पण हिरवट दोऱ्यांची वेल दिसली तर ती बहुधा कॅसिथा, दालचिनीच्या कुळातली. पानं तिलाही नाहीत, पण खोडात हरितद्रव्य आहे.